ऑनलाईन जुगारात आपली कागदपत्रे कुठे जातात?

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. तो विषय पुढील अंकी घेऊ. ऊस नोंदीच्या कामात गट ऑफिसात एक गोष्ट कानावर आली, ती पाचटापेक्षा तातडीची वाटली, म्हणून आधी तिच्यावर लिहितो.

झाले असे की, आपल्या एका सभासदांनी ऊस बिलासाठी बँक खाते बदलून मिळावे असा अर्ज दिला. कारण विचारले तर आधी सांगेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, खातं होल्ड झालंय. बिल जमा झालेलं दिसतंय, पण काढता येत नाही." बँकेत परराज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र आलेले. त्या राज्यात हे गृहस्थ जन्मात गेलेले नाहीत. त्यांचा मुलगा रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. मी मूळचा रोहे तालुक्यातला, भाऊबंद अजून तिकडेच, म्हणून "तुम्ही गावी गेलात की त्याच्याशी बोला, आमच्यापाशी तो तोंड उघडत नाही" असा निरोप त्यांनी दिला. सुट्टीत गेलो तेव्हा बोललो.

पोरगा सरळ आहे. पाळी सुटल्यावर खोलीवर पडल्या पडल्या मोबाईलवर पत्ते आणि क्रिकेटचा सट्टा खेळत होता. जिंकलेले पैसे घ्यायला वडिलांचे खाते दिले होते, कारण स्वतःच्या खात्यावरचा पगार बायको बघते. एकदा सतराशे रुपये जिंकला. ते सतराशे ज्या खात्यातून आले ते खाते जुगारवाल्याचे नव्हतेच. ते होते कुणा तिसऱ्याच्या नावाचे, आणि त्यात पैसे होते कुणा चौथ्याला फसवून उकळलेले. चौथ्याने तक्रार केली. पोलीस पैशाच्या मागावर निघाले आणि खात्यामागून खाते करीत आपल्या सभासदांपर्यंत येऊन पोचले. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचे बिल सतराशे रुपयांपायी अडकले.

त्या मुक्कामात रोह्याला, येताना पेण-वडखळला चार ओळखीच्या माणसांपाशी विषय काढला, तर प्रत्येकाला असे एक तरी घर ठाऊक. आपल्या सभासदांची पुष्कळ मुले धाटाव, नागोठणे, डोलवी या पट्ट्यात नोकरीला आहेत. घरापासून लांब, हातात पगार आणि हातात मोबाईल. तेव्हा हा विषय नुसता कोकणाचा आहे असे कोणी समजू नये.

जुगारात पैसा जातो हे सांगायला शेतकी खात्याचा माणूस नको. ते सर्वांना ठाऊक आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळे. या खेळात आपण पैशाच्या आधी दुसरे काही देऊन बसतो. आपले नाव, मोबाईल नंबर, आधार, पॅन, बँक खाते, चेहऱ्याचा फोटो. पैसे हरले तर एकदाच जातात, पुढे खेळ सोडला तर तो खर्च थांबतो. कागद मात्र समोरच्याच्या हातात राहतात. खेळ सोडला, तरी राहतात.

जुन्या मंडळींना मटका आठवत असेल. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत तारेने यायचे, त्यावर आकडा लावायचे. ते बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतने वरळीत मटका काढला आणि १९६४ साली रतन खत्रीने आपला वेगळा सुरू केला. गिरणगावात राहिलेल्या कोकणी माणसाला ओपन-क्लोज तोंडपाठ असे. मटक्याने घरे धुळीला मिळवली, त्याचे गुणगान मला करायचे नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. मटकेवाला चिठ्ठीवर आकडा लिही, रक्कम लिही. तुमचे नाव त्याला नको होते, गाव नको होते, बापाचे नाव तर नकोच नको. उलट, नाव नसणे हीच दोघांचीही सोय. चिठ्ठी फाडली की पुरावा संपला. आजचा मोबाईलवरचा जुगारवाला आधी नाव विचारतो आणि मग आकडा.

आता कोणी म्हणेल, माहिती तर कारखानाही घेतो. घेतो ना! लागणीची नोंद करताना आम्ही सात-बारा बघतो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख, बँक खाते, सारे लिहून घेतो. पण ते कशासाठी घेतो हे तुम्हाला माहीत असते. तोडणीचा प्रोग्राम लावायला, चिठ्ठी काढायला, वजनाप्रमाणे बिल जमा करायला. ती नोंद घेऊन चिटबॉयने तुमच्या नावावर सिमकार्ड काढले, किंवा तुमचा ऊस कधी जाणार, बिल कधी येणार ही यादी एखाद्या खाजगी सावकाराला विकली, तर तुम्ही वार्षिक सभेत आम्हाला उभे तरी कराल का? माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि काम संपले की बाळगायची नाही, हा यातला मूळ मुद्दा. बाकी सगळे कायदे याच मुद्द्यावर बेतलेले आहेत.

जुगाराच्या साईटवर नेमके काय काय जाते ते आता बघू.

पहिली गोष्ट, आपण हाताने भरून देतो ती. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, खाते उघडले. पुढे पैसे काढायचे म्हटले की केवायसी मागतात. आधार व पॅनचा फोटो, बँक पासबुकाचे पहिले पान, कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे फिरवून काढलेला चेहरा. नियमात चालणाऱ्या कंपनीला जिंकलेल्या रकमेवर कर कापून भरण्यासाठी पॅन लागत असे, तेवढे रास्त. पण परदेशात बसलेली, नावगाव नसलेली साईट जेव्हा हेच कागद मागते तेव्हा ती ते कोणत्या कायद्याखाली मागते? कोणत्याच नाही. आणि गंमत अशी की, पैसे भरताना कागद मागत नाहीत. काढताना मागतात. पैसे अडकल्यावर माणूस काय वाटेल ते देतो.

दुसरी, आपल्या नकळत जाते ती. असल्या पुष्कळ ॲप मोबाईलच्या अधिकृत स्टोअरमधून येत नाहीत. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर लिंक येते, दाबली की एपीके फाईल उतरते. चालू करताना ती विचारते, फोनबुक बघू का, मेसेज वाचू का, फोटो बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. आपण घाईत 'हो, हो' दाबत जातो. फोनबुक दिले म्हणजे आपल्या ओळखीच्या सगळ्या माणसांचे नंबर दिले. मेहुण्याचा, मुकादमाचा, सोसायटीच्या सचिवाचा. त्यांनी काही खेळलेले नाही, त्यांना कुणी विचारलेलेही नाही. मेसेज वाचायची परवानगी तर सर्वात वाईट, कारण बँकेचा ओटीपी मेसेजनेच येतो. घराच्या कुलपाची दुसरी किल्ली वाटसरूच्या हाती देण्यासारखे आहे हे.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. तुम्ही कसे खेळता, हीसुद्धा माहितीच आहे. किती वाजता येता, किती लावता, हरल्यावर लगेच दुप्पट लावता की थांबता, महिन्याच्या कुठल्या तारखेला पैसे भरता, किती दिवस गैरहजर राहिलात, हे सारे मशीन टिपून ठेवते. आम्ही उसाच्या प्लॉटमध्ये जाऊन कांड्या मोजतो, उगवण टक्का काढतो, त्यावरून टनेज किती येईल याचा अंदाज बांधतो. अगदी तसाच प्लॉट म्हणून खेळणाऱ्याला बघतात. कोणाकडून किती निघेल याचा अंदाज. मग चार दिवस खेळला नाही की मेसेज येतो, "शंभर रुपये बोनस जमा". पगाराच्या दिवशी येतो. पोराला वाटते नशीब हाक मारतेय. नशीब नव्हे, हिशेब हाक मारतो.

हे माझ्या मनचे नाही. इंग्लंडात जुगार परवान्याने चालतो, तिथे कंपन्यांवर सरकारी देखरेख आहे, तरीही काय झाले बघा. स्काय बेटिंग अँड गेमिंग ही तिथली मोठी कंपनी. १० जानेवारी ते ३ मार्च २०२३ या काळात तिच्या साईटवर नुसते पाऊल ठेवल्याबरोबर, परवानगीचे बटण दाबायच्या आधीच, लोकांची माहिती जाहिरात कंपन्यांकडे जात होती. याबद्दल तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीला लेखी ताकीद दिली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात याच कंपनीविरुद्धच्या एका दाव्याचा निकाल लागला. जुगाराच्या नादातून बाहेर पडलेल्या एका माणसाने म्हटले होते की, माझी सगळी माहिती गोळा करून मला जाहिराती पाठवून पाठवून खेळवले. न्यायालयाने म्हटले की, ज्याचा स्वतःवर ताबा राहिलेला नाही अशा माणसाने बटण दाबून दिलेली परवानगी, ही खरी परवानगी धरता येत नाही. परवाना असलेल्या, पत्ता असलेल्या, कोर्टात खेचता येणाऱ्या कंपनीची ही गोष्ट. आपल्याकडच्या बिनपत्त्याच्या साईटला कोण खेचणार?

आणि चांगल्या कंपनीकडूनही माहिती चोरीला जाते, हेही खरे. अमेरिकेत ड्राफ्टकिंग्ज नावाच्या सट्टा कंपनीची सुमारे ६८ हजार खाती नोव्हेंबर २०२२ मध्ये चोरांनी उघडली. कंपनीची तिजोरी फोडावी लागली नाही. दुसरीकडून चोरलेले नाव आणि पासवर्ड इथे लावून बघितले, लोकांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवलेला, कुलूप उघडले. आपल्याकडे तर पासवर्ड म्हणजे मुलीचे नाव आणि एक दोन तीन.

आता आपल्या राज्यातले बघू. महादेव ॲपचे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या माणसांनी उभे केलेले, दुबईतून चालवलेले हे जाळे. ईडीच्या तपासानुसार याची रचना अशी : वरती मालक, खाली गावोगाव 'पॅनल' नावाच्या शाखा, नफ्यात मालक सत्तर टक्के आणि शाखावाला तीस. गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर नंबर मिळायचा, तिथून आयडी आणि पासवर्ड. पैसे भरायचे ते बेनामी बँक खात्यांत, आणि ती खाती सतत बदलती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ बेकायदा सट्टा ॲप व साईट बंद करण्याचा आदेश काढला. बंद झाल्या का? मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात एका इमारतीवर छापा घातला, तेव्हा तिथे महादेवशी जोडलेल्या सट्ट्याचे काम करणारी सत्तरहून अधिक माणसे सापडली. नारायणगाव म्हणजे काही दुबई नव्हे. ऊस, टोमॅटो आणि द्राक्षाचा मुलूख, आपल्यासारखाच.

नागपूरचे प्रकरण त्याआधीचे, जुलै २०२३ चे. तिथल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाईन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये घालवले. लिंक व्हॉट्सॲपवरून आलेली, ॲप बनावट, जिंकणे-हरणे पलीकडच्याच्या हातात असल्याचा आरोप. पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरावर छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोने निघाले.

यात आपल्या कागदपत्रांचा संबंध कुठे येतो? तर या धंद्याला रोज नवी बँक खाती आणि नवी सिमकार्डे लागतात. मालक स्वतःच्या नावावर खाते काढत नाही. ती खाती तुमच्या-आमच्या नावावर निघतात. काही ठिकाणी गरिबाला दोन-पाच हजार देऊन त्याचे पासबुक, एटीएम आणि सिम भाड्याने घेतात. काही ठिकाणी तेवढेही देत नाहीत, मिळालेल्या आधार-पॅनच्या फोटोवर काम उरकून घेतात. आपल्याकडे मुकादम कसा, टोळीतल्या माणसांची नावे लावून उचल घेतो, आणि त्यातली दोन माणसे टोळीत कधी आलेलीच नसतात? तसेच. फक्त इथे उचल बुडाली तर कारखाना नव्हे, पोलीस येतात, आणि ज्याचे नाव असते त्याच्याकडे येतात.

पेणकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले तेव्हा लोकांच्या ठेवी अडकल्या, आणि तपासात बोगस नावांनी उघडलेली कर्जखाती हाच मोठा विषय निघाला. तो जुगाराचा मामला नव्हता. पण कागदावरचे नाव आणि प्रत्यक्षातला माणूस यांची फारकत झाली की काय होते, ते पेणने दहा-पंधरा वर्षे भोगले आहे.

पेणला कारखाना म्हटले की साखरेचा नव्हे, गणपतीचा. पेण, हमरापूर, जोहे इकडे मूर्तींच्या ऑर्डरी लांबलांबहून येतात, आणि आता आगाऊ रक्कम क्यूआर कोडवर येते. समजा, अनोळखी व्यापाऱ्याने पाठवलेली पन्नास मूर्तींची आगाऊ रक्कम असल्याच एखाद्या खात्यातून आली. मूर्तिकाराने काही गैर केलेले नाही, पण होल्ड त्याच्याही खात्यावर येऊ शकतो. त्याच्यापाशी निदान पावती असते, ऑर्डर वही असते, ती पोलिसांपुढे ठेवता येते. जुगारात जिंकलेल्या सतराशे रुपयांची पावती कोण कुणापुढे ठेवणार?

अशा वेळी पूर्ण खाते गोठवायचे की संशयित रकमेपुरतेच, यावर पुष्कळ वाद झाले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली असे सांगितले की, पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच अडवणूक असावी, सगळे खाते बंद करू नये. बँकेला अर्ज करताना एवढा मुद्दा लिहायला हरकत नाही. त्यासाठी बँकेकडून पोलीस ठाण्याचे नाव, तक्रारीचा क्रमांक आणि रक्कम लेखी मागून घ्यावी. तोंडी उत्तरावर घरी परतू नये.

आता कायद्याचे थोडक्यात. मुंबई राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. तो लिहिला तेव्हा जुगाराला अड्डा लागायचा, पट लागायचा. मोबाईलचा अड्डा कुठे शोधणार? शेवटी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांचा कायदा केला. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, पुरवण्यास बंदी. पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत, पैशाची देवघेव करून देणाऱ्या बँका-कंपन्यांनाही मनाई. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्याला पीडित मानले आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण पोरे भीतीपोटी तक्रार करीत नाहीत आणि ती भीतीच दाखवून त्यांना आणखी लुबाडतात. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशाचे खेळ बंद केले.

खेळ बंद झाला. पण कोट्यवधी लोकांनी भरलेले आधार, पॅन, खाते क्रमांक, त्यांच्या खेळण्याच्या सवयी, ते सगळे कुठे गेले? इथे दुसरा कायदा येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यापाठोपाठ २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. डेटा म्हणजे दुसरे काही नाही, आपली नोंद. या कायद्याने आपल्याला विचारता येते की, माझी काय माहिती तुमच्यापाशी आहे, कुणाला दिलीत, चुकीची असेल तर दुरुस्त करा, काम संपले असेल तर पुसून टाका. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आई-बापाची परवानगी लागते, आणि मुलांच्या सवयी टिपून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. मोडणाऱ्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड.

त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्या नियमांत ऑनलाईन खेळांच्या कंपन्यांसाठी वेगळी ओळ आहे : ज्यांच्याकडे ५० लाख किंवा जास्त नोंदणीकृत खेळाडू आहेत त्यांनी, खेळाडू तीन वर्षे फिरकला नाही तर त्याची माहिती पुसायची, आणि पुसण्याआधी ४८ तास त्याला कळवायचे. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवणे भाग असेल तेवढीच ठेवायची. तीन वर्षे मला फार वाटतात. आमच्याकडे ऊस तुटून गेला की त्या प्लॉटची नोंद बंद होते. पण काहीच नव्हते त्यापेक्षा हे बरे. मात्र हा सगळा हक्क कुणाविरुद्ध चालतो? ज्या कंपनीला पत्ता आहे तिच्याविरुद्ध. लिंकवरून आलेली साईट आज एका नावाने, उद्या दुसऱ्या नावाने. ती ना तीन वर्षे ओळखते ना ४८ तास.

म्हणून घरी काय करायचे ते सांगतो. ॲप काढून टाकले म्हणजे खाते बंद झाले असे पोरांना वाटते. ते खरे नाही. ॲप काढणे म्हणजे आपल्या बाजूचा दरवाजा बंद करणे, त्यांच्या वहीतली पाने तशीच राहतात. पत्ता असलेली कंपनी असेल तर आधी ॲपमधून उरलेली रक्कम काढून घ्यावी, मग खाते बंद करून माहिती पुसण्याची लेखी विनंती करावी, उत्तराची प्रत ठेवावी, आणि मग ॲप काढावे. बिनपत्त्याची साईट असेल तर विनंतीच्या भानगडीत पडू नये, ते आणखी कागद मागतील. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन तिला दिलेल्या परवानग्या काढाव्यात, ॲप काढावे, बँकेचे व यूपीआयचे पिन बदलावेत, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे ठेवला असेल तर तोही.

मग आपल्या नावावर बाहेर काय चालले आहे ते बघावे. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत ते दिसते. आपल्याकडे एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात, त्यामुळे एखादे परके त्यात खपून जाते. जे आपले नाही ते तिथेच कळवता येते. आपल्या नावावर कुणी कर्ज उचलले आहे का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळते, आणि तो प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. जिथे आधार द्यावेच लागते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत चालते का ते आधी विचारावे. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर तीवर आडवी सही, तारीख आणि 'अमुक कामासाठी' असे लिहून द्यावे. आपल्या गट ऑफिसात द्याल तेव्हाही लिहा, आम्हाला राग येणार नाही.

पासबुक, एटीएम कार्ड, सिम भाड्याने मागणारा कुणी भेटला, मग तो गावचा असो, पाहुण्यातला असो, तर चहा पाजून वाटेला लावा. त्याला 'एक महिन्यापुरतं' लागते, खटला मात्र महिन्याचा नसतो.

पैसे गेले असतील किंवा खात्यात अनोळखी पैसे आले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येतात. अनोळखी पैसे 'चुकून आले, परत पाठव' असा फोन आला तर स्वतः परत पाठवू नये, बँकेला लेखी कळवावे.

राहिला ऊस बिलाचा प्रश्न. ज्या खात्यावर बिल येते ते खाते फक्त शेतीच्या व्यवहाराला ठेवा. पोरांच्या मोबाईलला, कुठल्या ॲपला ते जोडू नका. अनुदानही आधारशी जोडलेल्या खात्यावर येत असते, तेही एक होल्ड झाले की सोबत अडकते. मुलगा बाहेरगावी असेल तर त्याच्याशी न रागावता एकदा विचारा, आपला खाते क्रमांक कुठे दिला आहेस का. माझ्या अनुभवात मुले रात्री जेवणानंतर फोनवर सांगतात, सकाळी सांगत नाहीत.

खाते बदलाचा अर्ज करावयाचा असल्यास नमुना गट ऑफिसात ठेवलेला आहे. सोबत नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची सही केलेली प्रत जोडावी. जुने खाते होल्ड असेल तर बँकेच्या पत्राची प्रतही द्यावी. पुढील बिलाची यादी बँकेत जाण्यापूर्वी अर्ज पोचला तर त्याच बिलापासून बदल होईल.